कवडीमोल अक्षर

कॉमर्सच्या पदवीधराला अक्षरांची आवड असू शकते, यावर आपल्याकडे कोणी विश्वास ठेवत नाही. आकडे हा आमचा प्रांत. अक्षरं आमच्या वाट्याला येतात ती चेकवर, आणि तिथंही त्यांची नेमणूक आकड्यांची राखण करायला झालेली असते : 'अक्षरी रुपये दोन हजार पाचशे फक्त.' बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागं बसल्यावर माणसाला अशी सवय लागते, की कादंबरीचं शेवटचं पान वाचूनही तो खाली 'फक्त' लिहिलंय का ते बघतो.

अशा माणसाच्या आयुष्यात एक अक्षर आलं. (हे वाक्य मी फार जपून लिहिलं आहे. आमची सौ. हा लेख वाचणार आहे.) अक्षर मूळचं चिनी, राहायला जपानात, आणि ओळख करून दिली माझ्या पुतणीनं. ती जपानी शिकते. चौकटीचौकटींची वही घेऊन एकेक अक्षर पन्नास-पन्नास वेळा गिरवते. आमच्या वेळी ही शाळेतली शिक्षा होती; आता तिला फी पडते.

जपानी माणूस एकाच वाक्यात तीन लिप्या वापरतो. मला याचं फारसं नवल वाटलं नाही. आमच्या बँकेचा फॉर्मसुद्धा तीन भाषांत असतो आणि तो तिन्हींत सारखाच कळत नाही. जपान्यांच्या तिन्हींपैकी सर्वांत अवघड ती 'कांजी', म्हणजे चीनकडून उसनी घेतलेली अक्षरं. दीड हजार वर्षांपूर्वीचं हे कर्ज. मुद्दल परत करण्याचं नाव नाही; उलट रोजच्या वापराच्या अक्षरांची जपान सरकारनं रीतसर यादी केली आहे आणि तीत आजमितीला २१३६ अक्षरं आहेत. आपली बारा-चौदा स्वरांची आणि छत्तीस व्यंजनांची बाराखडी आठवा आणि ज्यानं कोणी ती केली त्याला मनोमन हात जोडा.

तर माझं अक्षर. ते इथं छापून दाखवण्याची सोय नाही, पण वर्णनावरून तुम्ही ते ओळखाल. एक उभी चौकट काढा. आत दोन आडव्या रेघा मारा, म्हणजे तीन खण झाले. खाली फाकलेले दोन आखूड पाय जोडा. झालं. सरकारी कचेरीतलं फायलींचं कपाट, वाळवी लागू नये म्हणून पायांवर उभं केलेलं, हुबेहूब असंच दिसतं. एकूण रेघा सात. जपानी पोरं पहिलीत जी ८० अक्षरं शिकतात त्यांत हे असतं. उच्चार 'काइ'. अर्थ शिंपला.

"हे कपाट शिंपल्यासारखं कुठून दिसतं?" मी विचारलं.

"काका, आत्ताचं नका बघू. तीन हजार वर्षांपूर्वीचं बघा," असं म्हणून तिनं पुस्तकातलं जुनं चित्र पुढं केलं. आणि बघतो तो काय, ओळखीची वस्तू! मधे चीर, दोन्ही बाजू फुगीर. ही तर आपली कवडी! सारीपाटात फेकायची, भवानीच्या भक्तानं गळ्यात घालायची, म्हशीच्या गळ्यातल्या पट्ट्याला शिवायची, तीच.

चीनमध्ये शांग नावाचं एक राजघराणं होऊन गेलं. त्यांच्या काळी कासवाच्या पाठी-पोटाच्या कवचांवर आणि बैलांच्या हाडांवर प्रश्न कोरून शकुन पाहत. त्या हाडांवर हे अक्षर सापडतं. (ही हाडं पुढं जमिनीतून निघायला लागली तेव्हा लोक ती ड्रॅगनची समजून औषधात कुटून खात. १८९९ च्या सुमारास कोणाच्या तरी लक्षात आलं, की यावर काही लिहिलेलं आहे. तोवर कितीएक खोकलेकऱ्यांनी इतिहास मधातून चाटून घेतला असेल, कोण जाणे.) १९७६ साली आन्यांगला फू हाव नावाच्या शांग राणीची कबर उघडली. तिच्यात जेड होता, काशाची भांडी होती आणि जवळजवळ ७००० कवड्या होत्या. आन्यांग समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. तिथं उबदार समुद्रातली कवडी पोचायची म्हणजे हातोहात. त्यामुळे तिला मान. राजा सरदारावर खूष झाला की कवड्यांच्या माळा बक्षीस देई, आणि सरदार त्या बक्षिसाची नोंद काशाच्या भांड्यावर ओतवून घेई. पावती जपून ठेवण्याची ही पद्धत मला व्यक्तिशः आवडली. काशाची पावती ग्राहक हरवत नाही.

ही कवडी तेव्हा बाजारातला पैसा होती की नुसता मानाचा नजराणा, यावर पंडितांचं एकमत नाही. पण एक पुरावा माझ्यासारख्याला पुरेसा आहे. त्या काळातल्या हाडाच्या, दगडाच्या आणि काशाच्या नकली कवड्याही सापडल्या आहेत. पंडित काही म्हणोत, ज्या वस्तूची नक्कल होते तिच्याकडे कॅशियर आदरानंच पाहतो.

पुढं नाणी आली. इ.स.पू. २२१ मध्ये छिन राजानं सारा चीन एका छत्राखाली आणला आणि भोकाचं गोल नाणं सगळीकडे चालू केलं. कवडीचा जमाना संपला. इ.स. १०० च्या सुमारास शू शेन नावाच्या विद्वानानं नऊ हजारांवर अक्षरांचा कोश केला. त्यानं अक्षरं ५४० खात्यांत लावली, आणि मी त्याला कोशकार म्हणण्यापेक्षा जगातला पहिला लेजर-कीपर म्हणेन. कवडीच्या खात्यात त्यानंही नोंद केली आहे, की पूर्वी या वस्तूचा पैसा म्हणून उपयोग होई आणि छिनच्या राज्यात ते बंद झालं. म्हणजे त्याच्याही काळी कवडी इतिहासजमा झालेली होती. जपानात हे अक्षर पोचलं त्याच्याही काही शतकं नंतर. पैसा बाद झाला, अक्षर चलनात राहिलं. नोटाबंदी पाहिलेल्या माणसाला यात केवढा दिलासा आहे!

आपल्याकडे मात्र कवडीनं फार काळ नोकरी केली. मालदीव बेटांतून गलबतं भरभरून ती बंगालात उतरायची. आपल्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' लिहिली, तिची सुरुवातच कोष्टकानं होते : वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिण्यांचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे एका निष्काला २०४८० कवड्या. हा गुणाकार मी तोंडी केला. उगीच नाही कॉमर्सला गेलो. भास्कराचार्यांच्या पोरांना ही मोड मोजावी लागत असेल तर त्यांचं गणित चांगलं होतं यात नवल नाही. पुढं कवडीची किंमत घसरत गेली आणि मराठीत तिच्या नावानं नुसता अपमान उरला. कवडीमोल, फुटकी कवडी, कवडीचुंबक. सोन्यानं केलं ते सगळं प्रेम, कवडीनं केलं ती चिकटेगिरी.

आता मुद्दा असा, की आपण कवडीला म्हणींत टाकलं आणि चिन्यांनी तिला अक्षरांत टाकलं. पैशाशी संबंध आला, की अक्षरात कुठंतरी, बहुतेक वेळा डावीकडे किंवा बुडाशी, हे तीन खणांचं कपाट उभं असतं. जपानी कोश उघडा आणि कवडीचं पान काढा. ते पान नाही, ते अख्खं खतावणीचं पुस्तक आहे.

खरेदीचं अक्षर घ्या. वर जाळं, खाली कवडी. बाजारात जाणं म्हणजे जाळं टाकणं. फक्त जाळं कोणी टाकलंय आणि त्यात कोण अडकलंय, हे सणासुदीच्या सेलमधून बाहेर आल्यावर कळतं. विक्रीच्या जुन्या अक्षरातही कवडी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान्यांनी लिपी सोपी करायला घेतली तेव्हा पंधरा रेघांचं ते अक्षर सात रेघांवर आणलं आणि त्या काटछाटीत कवडी गेली. खरेदीच्या अक्षराला मात्र हात लावला नाही. त्याच्या बाराच्या बारा रेघा कायम. तेव्हापासून विकणं सुटसुटीत झालं आणि घेणं होतं तेवढंच जड राहिलं. आपल्याकडे ही सुधारणा लिपीला हात न लावताच झालेली आहे.

कर्जाचं अक्षर तर आमच्या खात्याचंच. 'देणं' म्हणजे उसनं देणं, या अक्षरात कवडी आहे : वर 'बदली' या अर्थाचं अक्षर, खाली कवडी. उलट 'उसनं घेणं' या अक्षरात कवडी नाही! एका बाजूला माणूस आहे आणि शेजारी 'फार पूर्वी'. बस्स. देणाऱ्याजवळ पैसा होता. घेणाऱ्याजवळ नुसता माणूस उभा आहे आणि म्हणतोय, फार पूर्वीची गोष्ट आहे हो ती.

"काका," पुतणी म्हणाली, "तो 'फार पूर्वी'चा तुकडा नुसता उच्चार दाखवायला घेतलाय. अर्थाशी त्याचा संबंध नाही."

ही मुलगी पुढं ऑडिटर होणार. तिचं म्हणणं बरोबरच आहे. कांजीतल्या पुष्कळ अक्षरांचा एक भाग अर्थाचा आणि दुसरा नुसता आवाजाचा असतो. पण तिनं अजून वसुली खातं पाहिलेलं नाही. तिथं अर्थ आणि आवाज असे वेगळे काढता येत नाहीत.

ही दोन अक्षरं, 'देणं' आणि 'घेणं', एकत्र ठेवली की ताळेबंदाच्या जपानी नावाची सुरुवात होते. पाश्चात्त्य धर्तीची हिशेबाची वही जपान्यांना समजावून देणारं एक पुस्तक फुकुझावा युकिचि या गृहस्थानं १८७३ साली भाषांतरित केलं. जपाननं १९८४ पासून २०२४ पर्यंत दहा हजार येनच्या नोटेवर त्यांचाच चेहरा छापला. ते शिक्षणमहर्षी होते, मोठे विचारवंत होते, हे सगळं खरं. पण हिशेबाच्या पुस्तकाचा भाषांतरकार चाळीस वर्षं नोटेवर, ही बातमी मी आमच्या शाखेत मुद्दाम वाचून दाखवली. लोकांनी माना वर केल्या. नंतर सर्व्हर सुरू झाला आणि त्या पुन्हा खाली गेल्या.

'माकेरु' असं एक क्रियापद आहे. त्याच्या अक्षरात वर माणूस आणि खाली कवडी. अर्थ एकाहून एक : पाठीवर घेणं, देणेकरी असणं आणि हरणं. जपानी दुकानदाराशी घासाघीस करताना हेच क्रियापद वापरतात. 'माकेते कुदासाइ', म्हणजे भाव कमी करा. शब्दशः पाहिलं तर, 'कृपा करून हरा.' भाव पाडताना समोरच्याला हरण्याची विनंती करायची! आमची सौ. मंडईत गेली चोवीस वर्षं हेच करते आहे. तिला त्यासाठी जपानी शिकावं लागलेलं नाही. कृपा मात्र ती मागत नाही.

अभिनंदनाच्या अक्षरात वर 'भर घालणं' आणि खाली कवडी. जपानी लोक नवीन वर्षाच्या शुभेच्छापत्रावर हे अक्षर हमखास लिहितात. शू शेनचा कोश म्हणतो, की हे भेटवस्तू देऊन केलेलं अभिनंदन. म्हणजे आहेर! कोरड्या शुभेच्छांना त्या अक्षरात जागाच नाही. आपल्या निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' असं छापतात आणि मांडवात पाकिटांसाठी पिशवी घेऊन काकू बसवतात. चिन्यांनी ती काकू सरळ अक्षरातच बसवली.

'गहाण' या अर्थाचं अक्षर वर दोन कुऱ्हाडी आणि खाली कवडी असं आहे. डोक्यावर दोन कुऱ्हाडी टांगलेल्या असल्याशिवाय कोणी मंगळसूत्र घेऊन आमच्या काउंटरवर येत नाही, हे मी वेगळं सांगायला नको. पण हेच अक्षर जपानीत 'गुणवत्ता' या अर्थीही चालतं आणि 'प्रश्न' या शब्दातही येतं. आधी मी बुचकळ्यात पडलो. मग आमच्या सोनारकाकांची आठवण झाली. बँकेच्या पॅनेलवरचे ते सोनार. दागिना आला, की ते आधी कस बघतात, मग चष्म्यावरून गिऱ्हाइकाला प्रश्न विचारतात आणि मग तो गहाण पडतो. तिन्ही अर्थ त्याच टेबलावर.

आणि 'जबाबदारी'? वर काटेरी झुडूप, खाली कवडी. मूळ अर्थ देणं मागणं, तगादा. तेवढ्या काट्याचा उपयोग उच्चारासाठी आहे, हे पुतणीनं सांगण्याआधीच मी सांगून टाकतो. त्याच्याशेजारी एक माणूस उभा केला की 'कर्ज' हे अक्षर तयार होतं. जबाबदारी अधिक माणूस बरोबर कर्ज. आमच्या गृहकर्जाच्या चाळीस पानी करारात याहून जास्त काही लिहिलेलं नाही.

'लाच' हा शब्द जपानीत दोन अक्षरांचा, 'वाइरो'. दोन्हींच्या डाव्या अंगाला कवडी. गंमत अशी, की १९८१ च्या सरकारी यादीत त्यातलं पहिलंच अक्षर होतं. दुसरं नव्हतं. म्हणजे सरकारी नियमानं लाच अर्धीच लिहिता येत होती; उरलेली साध्या लिपीत भागवायची. २०१० साली यादी वाढवली तेव्हा दुसरं अक्षर आत आलं. त्याच खेपेला 'जुगार' आणि 'हाव' ही अक्षरंही दाखल झाली. तिघांच्याही अंगावर कवडी. एका परिपत्रकानं लाच, जुगार आणि हाव यांना एकदम अधिकृत मान्यता देणारं दुसरं सरकार माझ्या माहितीत नाही. बाकीची तोंडी देतात. आणि त्या लाचेच्या पहिल्या अक्षराचा दुसरा अर्थ काय असावा? जेवणखाणाची सोय! खानावळीची सोय असलेल्या खोलीच्या जाहिरातीत ते अक्षर असतं. आपण 'चहापाणी' म्हणतो, ते पूर्ण जेवण म्हणतात. प्रगत देश आहे.

हे सगळं मी हसत हसत वाचत होतो. एका अक्षराशी मात्र थांबलो. वर 'वाटणी', खाली कवडी. अर्थ : गरिबी. संपत्ती वाटली गेली, की कमी होते, असं शू शेननं एकोणीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. आमच्या आजोबांचं कोकणात घर होतं. चौघा भावांत वाटणी झाली. प्रत्येकाला दीड खोली, विहिरीचा चौथा हिस्सा आणि फणसाची एकेक फांदी. वाटणी इतकी न्याय्य झाली, की कोणालाच राहता येईना. वडील म्हणत, "आम्ही कायद्यानं सारखे झालो आणि व्यवहारानं गरीब." पुढं कौलं कोणाच्या दीड खोलीवरची फुटली यावर पत्रव्यवहार चालू असतानाच एका पावसाळ्यात घर बसलं. चारी भागांत सारखं बसलं. ते अक्षर मी वहीत एकदाच लिहिलं. पन्नास वेळा गिरवायची गरज पडली नाही.

या गरिबीच्या अक्षराशेजारीच कोशात दुसरं अगदी तिच्यासारखं दिसणारं अक्षर भेटतं. वरच्या दोन रेघांचा काय तो फरक. ती आत्ता यादीत आलेली 'हाव'. परीक्षेत जपानी पोरंसुद्धा या दोघींत गोंधळतात म्हणे. मी गोंधळणार नाही. वाटणीच्या बैठकीत मी दोघींना शेजारीशेजारी बसलेलं पाहिलं आहे.

कवडीच्या घराण्यातलं एक अक्षर दिसायला अगदी वेगळं आहे. दोन चंद्र शेजारीशेजारी असावेत असं. अर्थ मित्र. वाटलं, काय काव्य आहे! पुतणी म्हणाली, चंद्र नव्हेत ते, कवड्यांच्या दोन माळा आहेत. राजा बक्षीस देई त्या मापाच्या. 'मित्र' हा अर्थ त्याला पुढं उच्चाराच्या साम्यानं चिकटला. मी एवढंच म्हणेन, की चिकटायला जागाही बरी मिळाली. दोन माळा एकत्र असतात तोवर मैत्री. एकानं दुसऱ्याकडे एक माळ उसनी मागितली, की मागं सांगितलेलं 'फार पूर्वी'चं अक्षर सुरू होतं.

जपानी भाषेत कवडीला 'कोयासुगाइ' म्हणतात, म्हणजे सुखरूप बाळंतपणाचा शिंपला. बाळंतिणीच्या हातात ती देत. या कवडीची एक गोष्ट जपानच्या अगदी जुन्या कथेत, वेळू तोडणाऱ्या म्हाताऱ्याच्या कथेत आहे. वेळूच्या पेरात सापडलेली सुंदर मुलगी कागुयाहिमे लग्नाच्या उमेदवारांना अशक्य वस्तू आणायला सांगते. एका दरबारी गृहस्थाच्या वाट्याला येते ती पाकोळीजवळची कोयासुगाइ. गृहस्थ टोपलीत बसतो, दोरीनं वर चढतो, घरट्यात हात घालतो, काहीतरी मुठीत येतं, 'मिळाली, मिळाली' म्हणून ओरडतो आणि दोरी तुटून खाली पडतो. मूठ उघडून बघतात तर पाकोळीची जुनी वाळलेली विष्ठा. 'काइ नाही' या शब्दांवर तिथं कोटी आहे. जपानीत त्याचा अर्थ 'शिंपला नाही' असाही होतो आणि 'काही उपयोग नाही' असाही. लॉकरमध्ये एफडीची पावती शोधणाऱ्याचा चेहरा मी पाहिला असल्यानं हा प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर उभा राहतो. पण मला खरी मौज वाटली ती वेगळ्याच तपशिलाची. तो पडला कशावर? एका मोठ्या हंड्यावर. जुन्या चिनी पद्धतीच्या, पायांच्या, काशाच्या हंड्यावर. कवडी काढायला गेला आणि हंड्यावर आदळला.

का मौज वाटली, ते सांगतो. तो पायांचा हंडा चिनी लिपीतलं एक स्वतंत्र अक्षर आहे. फार किचकट अक्षर; इतर अक्षरांत बसवताना लिहिणाऱ्यांचे हात दुखायचे. शतकानुशतकं कारकुनांनी ते घाईघाईत लिहिलं आणि काही अक्षरांत ते झिजत झिजत चक्क कवडीसारखं दिसू लागलं. तीन खण, दोन पाय. म्हणजे कोशात कवडी दिसते ती प्रत्येक ठिकाणी कवडी असतेच असं नाही. काही ठिकाणी ती कवडीच्या वेशातला हंडा असते. बाहेरून पैसा, आतून स्वयंपाक.

पुतणीनं मला एक दिवस विचारलं, "काका, तुमच्या नोकरीला जपानीत काय म्हणतात माहीत आहे?" आणि तीन अक्षरं काढून दिली : 'गिन्कोइन'. पहिलं चांदी. दुसरं पेढी. तिसरं 'इन', म्हणजे त्या पेढीतला माणूस, कर्मचारी. त्या 'इन'मध्ये वर छोटं चौकोनी तोंड आणि खाली... मी टाळीच वाजवली. कवडी! अखेर बावीस वर्षांनी कोणीतरी आमच्या पदनामात पैसा घातला!

"ती कवडी नाही," ऑडिटर म्हणाली. "तो हंडा आहे. आणि वरचं तोंड म्हणजे हंड्याचं गोल तोंड. ते अक्षर आधी 'गोल' या अर्थाचं होतं. माणसं मोजायला पुढं वापरायला लागले."

पुढं तिनं आणखी दाखवलं. याच 'इन'भोवती चारी बाजूंनी चौकट घातली, की जुनं 'येन' हे अक्षर होतं. गोल, म्हणून नाणं, म्हणून येन. १८७१ साली जपाननं नवं चलन काढलं तेव्हा ते तेरा रेघांचं अक्षर वापरात आलं. मी त्याच्याकडे किती वेळ बघत राहिलो. चौकट, आणि आत तो 'इन'. कॅशियरचा पिंजरा! जाळीच्या आत बसलेला मी! हल्लीच्या येनच्या अक्षरात चारच रेघा उरल्या आहेत. लिपीसुधारणेत आतला माणूस काढून टाकला. चलन तेच, भाव तोच, चौकटीसारखं काहीतरी शिल्लक आहे. माणूस तेवढा नाही.

आमच्याकडे ही सुधारणा सध्या चालू आहे. नोटा मोजायला यंत्र आलं, नोटा द्यायला भिंतीतलं यंत्र आलं, आणि आता भाजीवालीच्या टोपलीतला एवढासा स्पीकर ओरडून सांगतो, की चाळीस रुपये जमा झाले. पूर्वी ते वाक्य म्हणायचा अधिकार माझा होता. पिंजऱ्याची जाळी केव्हाच निघाली. आत चौघं होतो, आता मी एकटा आहे. आणि वरून येणाऱ्या परिपत्रकांची भाषा जसजशी गोड होत चालली आहे तसतशी मला त्या चार रेघांची आठवण येते.

पण खरं सांगू, त्या हंड्याचं मला वाईट वाटलं नाही. बावीस वर्षांत या हातांतून किती कोटी गेले, याचा हिशेब बँकेकडे असेल. मला त्यातला एक रुपया चिकटला नाही. मोजताना बोटं ओली करायला ठेवलेल्या स्पंजाचं पाणी तेवढं चिकटायचं. लोक समजतात, बँकवाला म्हणजे पैशावर बसलेला माणूस. लांबून तसंच दिसतं. तीन खण, दोन पाय. जवळ जाऊन, जुनं चित्र काढून बघितलं तर खाली कवडी नसते. संध्याकाळी घरी जे चार माणसांचं शिजायचं असतं तो हंडा असतो. मुलीची फी, आईची औषधं, बसलेल्या घराच्या कोर्टखर्चातला आमचा चौथा हिस्सा, सगळं त्यातूनच निघालं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा शकुन सांगणाऱ्यानं हाडावर कोरताना माझा विचार केला नसणार. पण नेमकं कोरलं.

हे सगळं मी त्या रात्री जेवताना सौ.ला समजावून सांगितलं. चांदी, पेढी, हंडा. कवडी दिसते ती कवडी नाही, हा मुद्दा तर फारच रंगवून सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, ताटं उचलली आणि म्हणाली,

"कवडी नाही, हे मला चोवीस वर्षांपूर्वीच कळलंय. आणि त्या हंड्याचं म्हणाल तर तो मी घासते."